हिवाळ्यात कामासाठी हेलसिंकीला: पहिल्या फेरीची पूर्वतयारी

जानेवारी-फेब्रुवारीत चार-पाच दिवसांच्या कामासाठी हेलसिंकीला, म्हणजे फिनलंडच्या राजधानीला, जायचे ठरले की घरच्यांना पहिली काळजी वाटते ती थंडीची. माझ्या अनुभवात मात्र थंडी ही त्या शहरातली सर्वांत सोपी अडचण आहे, कारण ती योग्य कपड्यांनी सुटते. निसरडे पदपथ, दुपारीच मावळणारा सूर्य आणि बैठकीत सवयीने तोंडून गेलेला एखादा शब्द यांनी होणारे नुकसान अधिक मोठे असते. महिनाभर राहणाऱ्याला पहिल्या आठवड्यातल्या चुका दुसऱ्या आठवड्यात सुधारता येतात. पाच दिवसांसाठी गेलेल्याला तेवढी सवड मिळत नाही, म्हणून पुढच्या बहुतेक गोष्टी घर सोडण्यापूर्वीच करून ठेवण्याच्या आहेत.

तारखा ठरवताना

फिनलंडमध्ये कामाचे नियोजन आठवड्याच्या क्रमांकाने चालते. समोरून येणाऱ्या पत्रात "सातव्या आठवड्यात भेटू" असे लिहिलेले असते आणि वर्षातला सातवा आठवडा कोणता हे आपल्याला माहीत असेल असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे आपल्या संगणकातील दिनदर्शिकेत आठवड्यांचे क्रमांक दिसतील अशी सोय आधीच करून घ्यावी. आठवा आठवडा शक्यतो टाळावा, कारण तेव्हा हेलसिंकी आणि परिसरातील शाळांना हिवाळी सुट्टी असते आणि मुले असलेले बरेच सहकारी कुटुंबासह बर्फावर घसरायला उत्तरेकडे गेलेले असतात. २०२६ मध्ये हा आठवडा १६ ते २२ फेब्रुवारी असा येतो. शुक्रवारी दुपारनंतर महत्त्वाची बैठक ठेवू नये. अनेकांचा दिवस सकाळी आठला सुरू होऊन चारच्या सुमारास संपतो आणि शुक्रवारी तो त्याहूनही लवकर आटोपतो.

हिवाळ्यात भारताची वेळ हेलसिंकीपेक्षा साडेतीन तास पुढे असते. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेबारा झालेले असतात. याचा परिणाम असा की पहिले दोन दिवस पहाटे चारला आपोआप जाग येते आणि संध्याकाळी सातनंतर डोळे मिटू लागतात. अवघड चर्चा, सादरीकरण आणि किमतीच्या वाटाघाटी सकाळी ठेवून घ्याव्यात. यजमानांनाही सकाळच सोयीची असते, त्यामुळे ही विनंती सहज मान्य होते.

व्हिसा

थोड्या दिवसांच्या कामासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा व्हिसा, लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो निदान पंधरा दिवस आधी दाखल झालेला असावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण काही प्रकरणांत हा काळ ४५ दिवसांपर्यंत वाढू शकतो, म्हणून दोन महिने हाताशी ठेवावेत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा हवा. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे द्यावे लागते.

या साऱ्या कागदांत सर्वाधिक वजन निमंत्रणपत्राला असते. फिनलंडमधील कंपनीने तिच्या पत्रात प्रवाशाचे पासपोर्टवरचे पूर्ण नाव, भेटीचा नेमका हेतू, तारखा आणि खर्च कोण उचलणार हे स्पष्ट लिहायला हवे. आपल्या कंपनीच्या पत्रातही तेच मुद्दे त्याच शब्दांत यावेत. एका पत्रात "प्रशिक्षण" आणि दुसऱ्यात "ग्राहकभेट" असे लिहिले गेले तर विनाकारण शंका उपस्थित होते. बैठका, वाटाघाटी, प्रदर्शनाला हजेरी यांसाठी हा व्हिसा आहे. तिथे बसून प्रत्यक्ष काम करून द्यायचे असेल तर नियम वेगळे आहेत आणि त्याबद्दल आपल्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी खात्री करून घ्यावी.

फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅमसारख्या शहरातून जात असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच, म्हणजे शेंगेन प्रदेशातील पहिल्या विमानतळावर होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून तिच्यात चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, त्यामुळे दोन विमानांमध्ये तासा-सव्वातासाचे अंतर असलेले तिकीट, ते कितीही स्वस्त मिळाले तरी, घेऊ नये. निमंत्रणपत्र, हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि विम्याचा कागद छापील स्वरूपात हातातल्या पिशवीत असावेत.

कपडे

हेलसिंकीचे जानेवारी-फेब्रुवारीतले सरासरी तापमान उणे पाचच्या आसपास असते, पण मधूनच उणे वीसपर्यंत जाणारी लाटही येते. शहर तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले असल्यामुळे वाऱ्याचा हिशेबही धरावा लागतो. उणे पाच तापमानात ताशी तीस किलोमीटर वेगाचा वारा असेल तर उघड्या कातडीला ती थंडी उणे तेरासारखी लागते. दुसरीकडे, तिथल्या इमारती उत्तम तापवलेल्या असतात आणि कार्यालयात वीस-बावीस अंश सहज असतात. त्यामुळे आपल्याला दिवसातून सात-आठ वेळा हिवाळ्यातून उन्हाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात जायचे असते. एकच जाडजूड कपडा इथे उपयोगी पडत नाही. काढता-घालता येतील असे थर हवेत.

अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर्मल पोशाख असावा. सुती बनियन टाळावे, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि आपण बाहेर आल्यावर तोच घाम गार पडून अंगात हुडहुडी भरते. त्यावर नेहमीचा शर्ट, मग पातळ लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे, मांड्यांपर्यंत येणारे, टोपी असलेले पिसांचे किंवा तत्सम भरावाचे जाकीट घ्यावे. थर्मलची विजार मात्र विचार करून घालावी, कारण बैठकीच्या खोलीत ती काढता येत नाही. उणे पाचपर्यंत आणि थोडेच चालायचे असेल तर मी ती घालत नाही. उणे दहाच्या खाली गेल्यावर घालतो.

कानटोपी, गळ्याभोवतीचा मफलर आणि हातमोजे या तीन गोष्टींवर कंजुषी करू नये. टोपी कान पूर्ण झाकणारी हवी. हातमोज्यांच्या दोन जोड्या न्याव्यात, कारण ट्रॅममध्ये एक मोजा राहून जाणे फारच सहज घडते. पायांसाठी लोकरी मोजे आणि त्या मोज्यांसह पायाची बोटे मोकळी हलतील असे, म्हणजे नेहमीपेक्षा अर्धा माप मोठे बूट घ्यावेत. घट्ट बुटात कितीही जाड मोजा घातला तरी पाय गारच पडतो, कारण ऊब धरून ठेवायला आत हवाच उरत नाही. बुटाचा तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा असावा. हे सारे एकाच फेरीसाठी विकत घेणे जड वाटत असेल तर मुंबई-पुण्यात असे कपडे भाड्यानेही मिळतात किंवा एखाद्या सहकाऱ्याकडून मागून आणता येतात; बूट मात्र स्वतःचेच आणि निघण्यापूर्वी आठवडाभर घालून सैल केलेले असावेत.

जाकीट, कानटोपी, हातमोजे, बूट आणि बैठकीचा एक पोशाख यांपैकी काहीही चेक-इन सामानात टाकू नये. विमान बदलताना सामान मागे राहिले तर ते एक-दोन दिवसांनी हॉटेलवर येते, पण तोपर्यंत उणे दहामध्ये बाहेर पडण्याची वेळ आलेली असते.

बाकीचे सामान

तिथली हिवाळी हवा अतिशय कोरडी असते. ओठ फुटतात, हातांची कातडी तडतडते, क्वचित नाकातून रक्तही येते. व्हॅसलीन, ओठांचे मलम आणि रात्री लावायचे क्रीम बरोबर ठेवावे. खोबरेल तेलाची बाटली नेली तर लहान तोंडाची नेऊ नये, कारण खोलीच्या तापमानातही तेल आत घट्ट गोठून बसते आणि बाहेर येत नाही. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. फिनलंडमध्ये साधी पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही. तिच्यासाठी औषधांच्या दुकानात, म्हणजे "अप्तेक्की"त जावे लागते. आपली तीन गोल पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून ॲडॉप्टर घ्यावा. थंडीत फोनची बॅटरी अचानक मान टाकते. फोन जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावा आणि पत्ता, हॉटेलचे नाव, यजमानांचा क्रमांक एका कागदावर लिहून जवळ ठेवावा.

यजमानांसाठी काहीतरी गोड न्यावे असे आपल्याला मनापासून वाटते, पण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध, तूप, पनीर, मांस आणि त्यांचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. पेढे आणि कंदी पेढे या कारणाने घरीच ठेवावेत. शेंगदाण्याची चिक्की, बाकरवडी किंवा काजू यांना अशी अडचण येत नाही. चिक्की तिथे फार आवडते असे मी पाहिले आहे. मात्र तीत शेंगदाणे आहेत हे देतानाच सांगावे, कारण ॲलर्जीची चौकशी तिथे गांभीर्याने होते.

विमानतळापासून हॉटेलपर्यंत

विमानतळ शहराशेजारच्या वांता येथे आहे. विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे आणि "आय" व "पी" अशा दोन गाड्या तिथून सुटतात. हा मार्ग वर्तुळाकार असल्यामुळे दोन्ही गाड्या शहराच्या मध्यवर्ती स्थानकावर जातात आणि साधारण अर्धा तास घेतात. जी आधी येईल ती पकडावी. तिकीट गाडीत चढण्यापूर्वी, यंत्रावर किंवा एचएसएल या स्थानिक वाहतूक संस्थेच्या ॲपवर काढावे. तिकिटासाठी शहर आणि परिसराचे "ए", "बी", "सी" असे विभाग पाडलेले आहेत. विमानतळ "सी" विभागात येत असल्याने या प्रवासाला "एबीसी" तिकीट लागते. शहरातल्या फिरण्याला, तसेच शेजारच्या एस्पो शहरातील केइलानिएमी आणि ओतानिएमी या कार्यालयांच्या परिसरात मेट्रोने जायला "एबी" पुरते. रोज तिकिटाचा विचार करण्यापेक्षा मुक्कामाच्या दिवसांएवढे दिवसांचे तिकीट एकदाच काढणे सोयीचे. फाटकावर कुणी अडवत नाही म्हणून तिकिटाविना चढू नये. तपासनीस मध्येच येतात आणि दंड मोठा असतो.

स्थानकांची व रस्त्यांची नावे फिनिश आणि स्वीडिश अशा दोन भाषांत लिहिलेली असतात, कारण दोन्ही राष्ट्रीय भाषा आहेत. नकाशात हेलसिंकी आणि हेल्सिंगफोर्स अशी दोन नावे दिसली तर शहर एकच आहे. प्रदर्शनासाठी जाणाऱ्यांनी पासिला स्थानक लक्षात ठेवावे. मेस्सुकेस्कुस हे मोठे प्रदर्शन केंद्र तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि विमानतळाच्या गाड्याही तिथे थांबतात.

पायाखालचा बर्फ

हा भाग कृपया दोनदा वाचावा. ताजा, भुसभुशीत बर्फ धोक्याचा नसतो. त्यावर पाऊल रुतते आणि करकर आवाज येतो. धोका असतो तो दुपारी थोडा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या, पहाटेच्या भुरभुरीखाली लपलेल्या पातळ थराचा. तो काचेसारखा पारदर्शक असल्याने खालचा डांबरी रस्ता जसाच्या तसा दिसतो आणि ओला आहे एवढेच वाटते. माझ्या पहिल्या फेरीत मी बैठकीचे गुळगुळीत तळाचे बूट घालूनच बाहेर पडलो, ट्रॅम येताना पाहून दोन पावले भरभर टाकली आणि थांब्यावरच पडलो. हाड मोडले नाही, पण उजवे मनगट सुजले आणि पुढचे दोन दिवस सादरीकरणे डाव्या हाताने चालवावी लागली.

यावर तिथल्या लोकांचा उपाय साधा आहे. "लिउकुएस्ते" नावाची, बुटाच्या तळाला ताणून बसवायची रबरी पट्टी मिळते. तिला खालून धातूचे छोटे खिळे असतात. चपलांच्या दुकानात आणि मोठ्या किराणा दुकानांतही ती ठेवलेली असते. हॉटेलवर सामान टाकल्यावर पहिली खरेदी हीच करावी. पट्टी आधी चवड्याकडून ओढावी, मग टाचेवर चढवावी आणि खिळे तळव्याच्या रुंद भागाखाली आले आहेत ना हे बोटाने चाचपून पाहावे. इमारतीत शिरताच ती काढून पिशवीत ठेवावी, कारण तेच खिळे दगडी फरशीवर उलटे घसरतात. चालताना पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित सैल ठेवावेत, शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवावा आणि हात खिशात घालू नयेत. महापालिका पदपथांवर बारीक खडी पसरते. जिथे खडी दिसेल तिथूनच चालावे. पदपथाचा एखादा भाग अडथळे लावून बंद केलेला दिसला तर वर छतावरचा बर्फ पाडण्याचे काम चालू आहे असे समजून वळसा घ्यावा.

जानेवारीच्या अखेरीस सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. म्हणजे कार्यालयात जाणे-येणे दोन्ही अंधारात किंवा अंधुक उजेडात होते. काळे जाकीट घातलेला माणूस वाहनचालकाला दिसत नाही, म्हणून अंधारात चालणाऱ्याने प्रकाश परावर्तित करणारी चकती वापरावी असे तिथला वाहतूक कायदाच सांगतो. "हेइयास्तिन" म्हणतात ती ही चकती दोरीने जाकिटाच्या खिशातून गुडघ्याच्या उंचीवर लोंबती ठेवतात, म्हणजे गाडीचे दिवे नेमके तिच्यावर पडतात. ती स्वस्त असते आणि बऱ्याच कंपन्या पाहुण्यांना भेटही देतात. गोठलेल्या समुद्रावर लोक चालताना दिसतील. आपण त्यांच्या मागे जाऊ नये, कारण कुठला बर्फ जाड आहे हे ओळखायला अनेक हिवाळे काढलेले असावे लागतात.

नाक, कान किंवा बोटे बधिर होऊन पांढरट दिसू लागली तर लगेच आत जावे आणि तो भाग हाताच्या उबेने हळूहळू गरम करावा. चोळू नये. अडचण गंभीर असेल तर ११२ हा एकच क्रमांक सर्व मदतीसाठी आहे.

बैठकीत

दहाची बैठक दहालाच सुरू होते, त्यामुळे इमारतीत पावणेदहाला पोहोचावे. आत शिरल्यावर जाकीट, टोपी, मफलर दाराजवळच्या खुंट्यांवर टांगायचे असते; ते खांद्यावर घेऊन बैठकीच्या खोलीत जाऊ नये. बरेच लोक बाहेरचे बूट काढून कार्यालयातले हलके बूट घालतात. आपणही बैठकीचे बूट कापडी पिशवीत नेऊन तिथे बदलावेत. कुणाच्या घरी बोलावले असेल तर बूट दारातच काढायचे असतात; या बाबतीत आपल्याला काही नवे शिकावे लागत नाही.

उपस्थित प्रत्येकाशी, स्त्री असो वा पुरुष, डोळ्यांत पाहून थोडक्यात हस्तांदोलन करावे आणि आपले नाव सांगावे. "सर", "मॅडम" म्हणण्याची पद्धत नाही. संचालकांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. कॉफी घेतली जाते आणि फार प्रस्तावना न होता विषयाला हात घातला जातो. तरुण अभियंता आपल्या वरिष्ठांचे म्हणणे सर्वांसमोर खोडून काढतो आणि त्याचे कुणाला वाईट वाटत नाही. आपल्यासोबत आलेल्या कनिष्ठ सहकाऱ्यालाही प्रश्न थेट विचारला जाईल, तेव्हा त्याची तयारी करून घ्यावी.

आपण प्रश्न विचारला की समोरचा माणूस काही क्षण गप्प बसतो. ती नाराजी नसते. तो विचार करीत असतो. आपल्याकडची माणसे त्या शांततेने अस्वस्थ होऊन स्वतःच बोलू लागतात, किंमत कमी करतात किंवा न मागितलेली सवलत देऊन बसतात. अशा वेळी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. याच्या उलट बाजूची चूक त्याहून महाग पडते. "हो, होऊन जाईल", "बघून घेतो", "पुढच्या आठवड्यात देतो" ही आपल्या बोलण्यातली सौजन्याची वाक्ये आहेत, पण तिथे प्रत्येक वाक्य शब्द दिल्यासारखे नोंदले जाते. पुढच्या आठवड्यात म्हटले की कोणता दिवस हे विचारले जाते आणि त्या दिवशी काम आले नाही तर पुढच्या सर्व बोलण्यावरचा विश्वास कमी होतो. नक्की माहीत नसेल तर "पुण्यातल्या चमूशी बोलून गुरुवारपर्यंत कळवतो" असे सांगावे आणि गुरुवारी खरोखर कळवावे. नकार द्यायचा असेल तर तो स्पष्ट शब्दांत द्यावा. त्याने कुणी दुखावत नाही. बैठक संपल्यावर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टींचे छोटे टिपण सर्वांना पाठवले तर ते मनापासून दाद देतात.

जेवण

दुपारचे जेवण अकरापासून सुरू होते आणि दोनच्या आत आटोपते. दीड वाजता जेवू म्हणणाऱ्याला रिकामी भांडी दिसतात. या वेळेला "लोउनस" म्हणतात. ठरावीक पैसे देऊन सॅलड, पाव, मुख्य पदार्थ आणि कॉफी आपल्या हाताने वाढून घ्यायची असते. पदार्थाच्या नावापुढे रोमन अक्षरे असतात: "जी" म्हणजे ग्लूटेन (गव्हासारख्या धान्यातले प्रथिन) नसलेले, "एल" म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) नसलेले, "एम" म्हणजे दूध नसलेले. शाकाहारी पदार्थाला "कास्विस" म्हणतात. त्यात अंडे असू शकते, म्हणून अंडेही न खाणाऱ्यांनी "वेगाआनि" हा शब्द शोधावा. हॉटेलच्या न्याहारीत ओटची गरम लापशी बहुधा असते. ती बेरीच्या मुरंब्याबरोबर पोटभर खाऊन निघणे हा शाकाहारी माणसाचा सर्वांत खात्रीचा आधार आहे. संध्याकाळी वरण-भाताची आठवण आली तर शहरात नेपाळी उपाहारगृहे जागोजागी आहेत आणि तिथे डाळ, भाजी, नान मिळते. नळाचे पाणी पायान्ने सरोवरातून सुमारे १२० किलोमीटर लांबीच्या बोगद्याने येते आणि थेट पिण्यासारखे असते. बाटल्या विकत घेऊ नयेत. बक्षिसी देण्याची प्रथा नाही. सर्वत्र कार्ड चालते. यंत्राने रुपयांत की युरोत असे विचारले तर युरो निवडावे.

यजमानांनी सौनासाठी, म्हणजे तापवलेल्या खोलीतल्या घामाच्या स्नानासाठी, बोलावले तर तो आपुलकीचा मान आहे. पुरुष आणि स्त्रिया सहसा वेगवेगळ्या वेळी जातात आणि आत कपडे नसतात, पण टॉवेल गुंडाळून बसले तरी चालते आणि नम्रपणे नकार दिला तरीही चालते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे. मोकळी संध्याकाळ मिळाली तर मध्यवर्ती स्थानकाजवळच्या ओओदी ग्रंथालयात जाऊन बसावे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये उघडलेली ही इमारत सर्वांना खुली आणि उबदार आहे, आणि तिथले लोक हिवाळा कसा घालवतात हे तिच्या वरच्या मजल्यावर तासभर बसून जितके कळते तितके बाजारपेठेत फिरून कळत नाही.

परतताना

दुकानात पैसे दिल्यावर "कुइत्ती?" असे विचारतात, म्हणजे पावती हवी का. दर वेळी हो म्हणावे, कारण ट्रॅमच्या तिकिटापासून लिउकुएस्तेपर्यंतच्या खर्चाचा हिशेब कार्यालयात द्यायचा असतो आणि मागून पावती मिळत नाही. घरासाठी किमती वस्तू घेतली असेल तर दुकानातूनच करपरताव्याचा कागद भरून घ्यावा आणि वस्तू न वापरता, दाखवता येईल अशी ठेवावी. विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे. हेलसिंकीहून थेट भारतात येत असाल तर सुरक्षा तपासणीनंतर पासपोर्टची वेगळी रांग लागते. दुसऱ्या शेंगेन शहरातून येत असाल तर ती रांग तिथे लागते. जाकीट अंगावरच ठेवावे, पण आतला लोकरी स्वेटर आणि थर्मल विमानात चढण्यापूर्वी काढून पिशवीत टाकावा, म्हणजे मुंबईत उतरल्यावर दारातून बाहेर येताच घामाने जीव कासावीस होणार नाही.